जास्तीची तीन शून्यं

सोमवार, २६ जुलै १९९९. जवळा बाजार

नवा जिल्हा, म्हणून नवी वही. मे महिन्यात हिंगोली परभणीतून सुटली, तेव्हापासून घोकत होतो की प्रभू मास्तर, आता आपणही रोज चार ओळी लिहीत जा. अडीच महिने नुसतं घोकलं. आज मुहूर्त लागला, कारण आज वर्गात मी फार झकास उत्तर दिलं आणि ते कुठंतरी नोंदलं जायला पाहिजे.

अकरा ऑगस्टला सूर्यग्रहण आहे. पेपरात रोज त्याचंच चालू आहे, म्हणून नववी ब ला मी तेच शिकवत होतो. मधेच शिला आडे उठली. तांड्यावरच्या भीमसिंगची पोरगी, तिसऱ्या बाकावर बसते. तिला प्रश्नांची भारी खोड. हातात पेपराचा तुकडा.

"सर, ह्याच्यात लिवलंय, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश. अन् त्याच्या भवताली जे पांढरं तेज असतंय, प्रभामंडळ, ते वीस लाख अंश. लांब गेल्यावर जास्त गरम? असं काहून?"

"काहून म्हणजे? छापणाऱ्याच्या हातून तीन शून्यं जास्त पडली. वीस लाखातली तीन शून्यं काढ. किती राहिले? दोन हजार. झालं बराबर? तुझी माय भाकरी करते तेव्हा चुलीपाशी जास्त पोळतं का अंगणात?"

पोरं खिदळायला लागली. ती मात्र बसेना. "पण सर, छापलंय ना."

"छापलेलं सगळं खरं मानणाऱ्याला डोकं नसतं, पोरी. बस खाली."

काय हसला वर्ग! बेचाळीस पोरं, छपरावरची कबुतरं उडाली. खरं सांगतो, सोळा वर्षांच्या नोकरीत एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता.

बुधवार, २८ जुलै

चूक दिसली की गप बसणं माझ्या रक्तात नाही. पेपरच्या संपादकांना कार्ड लिहिलं. "आपल्या अंकात प्रभामंडळाच्या तापमानात तीन शून्ये अधिक छापली गेली आहेत. आमच्या शाळेतील तांड्यावरची एक भोळी विद्यार्थिनी त्यामुळे फसली. उष्णता उगमापासून दूर जाताना कमी होते, हे शेंबडे पोरही जाणते. आपला, प्रभू लिंबाजी शिंगाडे, बी.एस्सी., बी.एड." 'शेंबडे पोर' खोडून 'लहान मूल' केलं. भाषा सभ्य हवी.

अंजलीनं कार्ड वाचलं. म्हणाली, "अहो, टाकायच्या आधी एकदा कोणाला विचारून तरी बघा."

"कोणाला विचारू? जवळ्यात विज्ञानाचं सगळे मलाच विचारतात."

बायको आहे, काळजी करणारच. कार्ड पेटीत टाकलं. शिला आडे कालपासून गैरहजर. खुरपणी असेल.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

छापलं!! माझं नाव, गाव, पदवी, सगळं ठळक. पेपरचे चार अंक घेतले. मुख्याध्यापक किसनरावांनी स्वतः चहा मागवला, कात्रण सूचनाफलकावर लावलं आणि म्हणाले, "नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन दिवाळीच्या आधी हिंगोलीला आहे. आपल्या शाळेकडून तुम्हीच, प्रभू सर. दुसरं कोण?"

शिला आडे अजून नाही. तिनं कात्रण बघायला हवं होतं, म्हणजे डोक्यात प्रकाश पडला असता.

अंजली आज तांड्यावरून तूप घेऊन आली. घरात अख्खी बरणी भरलेली असताना!

बुधवार, ११ ऑगस्ट

ग्रहण. आपल्याकडं खग्रास नव्हतंच, तो पट्टा वरून उत्तरेकडून गेला. जे थोडं दिसायचं तेही ढगांनी खाल्लं. पोरांसाठी वेल्डिंगवाल्याकडून काळ्या काचा आणल्या होत्या, त्या परत केल्या. सहाच्या सुमाराला एकदम सावट आलं, कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. दिव्याची अवस म्हणून अंजलीनं घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते.

टीव्हीवर परदेशातलं खग्रास दाखवलं. काळी चकती आणि तिच्याभोवती ते पांढरं तेज. लांबवर पसरलेलं, कसं मोत्यासारखं. वर्गात सोळा वर्षं मी हे खडूनं काढतो, खरं आज पहिल्यांदा बघितलं.

अंजली म्हणाली, "इतक्या लांबवर पसरलंय, अन् हे गार असंल व्हय?"

"गार कोण म्हणतं? कमी गरम."

टीव्ही मीच बंद केला. का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

मंगळवार, १७ ऑगस्ट

हात दाखवून अवलक्षण!

त्याच पानावर, त्याच जागी उत्तर आलं. पुण्याच्या एका खगोलशास्त्रज्ञांचं. फार गोड लिहिलं आहे, त्यामुळं जास्त झोंबलं. "श्री. शिंगाडे यांची शंका स्वाभाविक आहे, परंतु आकडा अचूक आहे. शून्ये जास्त पडलेली नाहीत. प्रभामंडळ पृष्ठभागाहून शेकडो पट तप्त आहे, आणि असे का, हे कोडे अद्याप पूर्ण सुटलेले नाही. ज्या विद्यार्थिनीला हा प्रश्न पडला, तिचे मनःपूर्वक अभिनंदन."

तिचे अभिनंदन. मनःपूर्वक.

दार लावून बसलो आहे. उद्या शाळेत कोणत्या तोंडानं जाऊ?

बुधवार, १८ ऑगस्ट

गेलो. कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही. तेच वाईट. शिक्षक खोलीत सगळे मान खाली घालून वह्या तपासत होते, आणि आज वह्या तपासायचा दिवससुद्धा नव्हता. फलकावरचं कात्रण कोणीतरी काढलं होतं, चार टाचण्या तशाच.

किसनरावांनी बोलावलं. "प्रदर्शनाचं बघू पुढं," म्हणाले. मग हजेरीपट पुढं सरकवला. "ही शिला आडे. सत्तावीस जुलैपासून नाही. दसऱ्यापर्यंत आली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागंल. तिचा बाप दिवाळी झाली की उसतोडीला जातो, यंदा तिलापण नेणार म्हणून ऐकलंय. शाळा सुटली म्हणा तिची."

मी तारीख बघत राहिलो. सत्तावीस जुलै. मी हसवलं सव्वीसला.

खुरपणी नव्हतीच मग. तीन आठवडे मी रोज तिच्या नावापुढं 'गै' लिहीत होतो आणि मला ती तारीख दिसली नाही. वीस लाखावरची शून्यं तेवढी दिसली.

गुरुवार, १९ ऑगस्ट

तांड्यावर जायला निघालो. शाळेपासून दोन किलोमीटर. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. जाऊन सांगू काय? माझं चुकलं म्हणू? ती विचारील, मग सर, खरं उत्तर काय? त्याचं उत्तर मला येत नाही. मास्तरनं रिकाम्या हातानं कसं जायचं?

घरी येऊन पुण्याच्या शास्त्रज्ञांना लांबलचक पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, पोरीचं शाळा सोडणंसुद्धा. यावेळी पत्र आधी अंजलीला वाचायला दिलं. तिनं नुसतं पाकीट चिकटवून दिलं आणि तूप आणायला तांड्यावर गेली. पुन्हा तूप! दोन माणसांच्या घरात आम्ही तुपात पोहणार आहोत की काय?

गुरुवार, २ सप्टेंबर

पुण्याचं उत्तर आलं. पाच पानं, हातानं लिहिलेली! एवढ्या मोठ्या माणसानं! चार वेळा वाचलं. जसं समजलं तसं उतरवतो.

सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे रटरटणारी डाळ. खालून उकळ्या फुटतात, वर येतात, बाजूला सरकतात. त्या डाळीत चुंबकाच्या बलरेषांचे पाय रुतलेले असतात, आणि रेषा तिथून वर कमानीसारख्या प्रभामंडळात गेलेल्या असतात. डाळ रटरटली की पाय हलतात. आता दोन तर्क. पहिला असा की पाय इकडंतिकडं सरकल्यानं वरच्या रेषा एकमेकींत गुंततात, पीळ वाढत जातो, आणि एका क्षणी त्या तटकन तुटून नव्यानं जुळतात. साठलेलं सगळं तिथं वर उष्णता होऊन बाहेर पडतं. असे बारके बारके स्फोट अखंड चालू. दुसरा तर्क लाटांचा. पाय हलले की रेषांवरून लाटा वर जातात आणि विरळ जागी जाऊन मोडतात.

म्हणजे चुलीची ऊब वर जातच नाही. हालचाल वर जाते, आणि ऊब तिथं वर तयार होते.

शेवटी लिहिलंय, "यांपैकी कोणता बरोबर, की दोन्ही, हे मला माहीत नाही. गेली जवळजवळ साठ वर्षे आम्ही शोधतो आहोत."

मला माहीत नाही. किती सहज लिहिलंय! खाली सही, पदव्यांची ओळ माझ्यापेक्षा चौपट. मी सोळा वर्षांत वर्गात हे वाक्य एकदाही उच्चारलेलं नाही.

पण हे पोरीला दाखवू कसं? पीळ, कमान, स्फोट. सगळं कागदावरच.

गुरुवार, ९ सप्टेंबर. साखरा

निवडणुकीच्या ड्युटीतून मोकळा झालो आणि पोळ्याला गावी आलो. आमचं घर मेंढ्यांचं. आबांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, अजून साठ मेंढरं आहेत आणि एक बैलजोडी. पोळ्याला बैलांना जुनं दावं चालत नाही, सगळं नवं लागतं, आणि विकतचं आबांना खपत नाही. अंबाडीचा वाख भिजवून, झोडपून, स्वतः वळतात.

मी कट्ट्यावर बसलो होतो. आबांनी एक टोक माझ्या हातात दिलं. "धर, मास्तर. तू तिकडून पीळ दे, मी इकडून देतो." दोघांनी पीळ दिला. आबा थांब म्हणाले. मी थांबलो नाही, डोक्यात पुण्याचं पत्र चालू होतं. दोर आधी गाठी खायला लागला, स्वतःभोवती गुंडाळायला लागला, आणि मग मधोमध एक पदर तटकन गेला. माझ्या हातापाशी नाही, आबांच्या हातापाशी नाही. मधी.

"पीळ टोकाला द्यायचा अन् तुटतंय मधी," आबा म्हणाले. "अती पीळ बरा नसतो, परभ्या. दोराला पण अन् माणसाला पण."

मी कान टवकारले, पण अजून पुरतं पेटलं नव्हतं. पेटलं ते पुढं. बैलाच्या गळ्यात घंटा बांधायला आबांनी तारेचं भेंडोळं काढलं. पक्कड सापडेना. त्यांनी तार दोन्ही हातांत धरली आणि खाली वर, खाली वर वाकवायला लागले. दहा-बारा वेळा. तार तुटली.

"आबा, दाखवा बरं!"

"बोट लावू नको, पोळंल."

लावलंच. चटका बसला! मग आबांच्या हाताला हात लावला. हात गार. टोकं गार. चूल नाही, इस्तू नाही, काही नाही, आणि तार मधी पोळत होती.

मी उठून नाचायचा तेवढा राहिलो. "आबा, हेच! हेच ते! टोकाला हालचाल, मधी ऊब!"

आबांनी आईकडं बघितलं. "पोरगं बरं हाय ना गं? का शाळेत कोनी मारलं?"

आईनं मला पुरणपोळी वाढली. अडतीस वर्षांचं पोरगं, लेकरू म्हणूनच वाढते अजून. मग मी आबांना सगळं सांगितलं. सूर्याचं, पेपरचं, शिलाचं. हसण्याचंसुद्धा. आबा वाख झोडपत ऐकत होते.

"म्हंजी पोरगी खरं बोलली, तू हसलास, अन् महिना झाला तरी तिच्याकडं गेला न्हाईस."

"उत्तर नव्हतं म्हणून."

"उत्तर मागाया कोन बसलंय? सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई, तसला तू." मग तारेचं भेंडोळं माझ्या पिशवीत टाकलं, वाखाचा एक जुडगा टाकला. "जा आता. पोळा झाला की जा."

रविवार, १२ सप्टेंबर. जवळा बाजार

गेलो. ओढा ओलांडला.

भीमसिंग बाजेवर बसला होता. उठला नाही. त्याची आई अनुसयाबाई दारात गोधडी शिवत होती. शिला आतून आली आणि माझ्या हातातली पिशवी बघून थांबली.

भीमसिंग म्हणाला, "या सर. काय काम काढलं? पोरीला डोकं न्हाई म्हनलात तुमी. आमी म्हनलं बराबर हाय, डोकं न्हाई तर मंग हात तर हायेत. ऊस तोडायला डोकं लागत न्हाई."

पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. सरळ म्हटलं, "भीमसिंग, तिचं बरोबर होतं. माझं चूक होतं. पेपरात लिहिलं तेही चूक."

शिलाच बोलली. आवाज बारीक, पण धार कसली! "सर, छापलेलं सगळं खरं मानणाऱ्याला डोकं नसतं म्हनलात. मंग तुमचं पत्र पन छापलेलंच व्हतं की. मी ते खरं मानलं न्हाई."

माझे कान लाल झाले. अनुसयाबाई गोधडीत तोंड घालून हसत होती.

मग मी अंगणात बसलो. मातीत बसलो. वाखाची दोन टोकं, तार, सगळं दाखवलं. शिला लांबून बघत होती, मग जवळ आली, मग तार माझ्या हातातून ओढूनच घेतली. तोडली, बोट लावलं, धाकट्या भावाचंही बोट लावलं. म्हणाली, "म्हंजी हात हा सूर्याचा पृष्ठभाग. तो नुसता हलून राहिला. अन् ऊब वर व्हऊन राहिली." मग लगेच, "दुसरा तर्क लाटांचा हाय ना? तो काहून आनला न्हाई?"

मी चाट! दुसरा तर्क तिला कसा माहीत? पुण्याचं पत्र तर माझ्या कपाटात. विचारलं, तर अनुसयाबाई घाईनं म्हणाली, "सर, तूप न्या थोडं, ताजं हाय." या तांड्याला तुपाशिवाय काही सुचत नाही.

निघताना भीमसिंग ओढ्यापर्यंत आला. "सर, ती कुठं पन शिकंल. पन तुमी बेचाळीस लेकरांना तिच्यावर हसवलं, अन् पेपरात भोळी लिवलं. जितक्या लोकांपुढं तिचं हसं केलं तितक्यांपुढं सांगा. मंग मी बघतो ऊस का शाळा."

मी हो म्हणालो. परत येताना पिशवी रिकामी होती, तार-वाख सगळं तिनं ठेवून घेतलं.

मंगळवार, १४ सप्टेंबर

शिला आली. तिसरा बाक. वर्ग तिच्याकडं बघून कुजबुजायला लागला.

फळ्यावर लिहिलं, २०,००,०००. म्हटलं, "सव्वीस जुलैला मी यातली तीन शून्यं काढली. ती शून्यं बरोबर होती. शिला बरोबर होती, मी चूक होतो. हसलात ते माझ्यावर हसायला पाहिजे होतं."

कोणी हसलं नाही. मागून दिपक म्हणाला, "सर, मग ते एवढं गरम होतंच काहून?"

तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा ते वाक्य बाहेर पडलं. "पक्कं मला माहीत नाही. कोणालाच नाही. पण दोन अंदाज आहेत. शिला, ये पुढं."

आकाश कोसळेल वाटलं होतं. काही कोसळलं नाही. उलट पोरं बाक सोडून पुढं सरकली.

किसनरावांना जाऊन सांगितलं, प्रदर्शनाला शाळेकडून शिला जाईल. मी सामान उचलीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं आहे ना, प्रभू सर?" सगळे हेच विचारतात आजकाल.

रविवार, १० ऑक्टोबर

सुताराकडून पाट करून घेतला. पाटावर दोन फिरत्या मुठी, म्हणजे बलरेषांचे पाय. त्यांतून अंबाडीचे चार पदर कमानीसारखे वर. मुठी हळूहळू फिरवल्या की पदर गुंततात आणि वरच्या वर तुटतात. शेजारी तारेचे तुकडे, परीक्षकांनी स्वतः तोडून बघायला.

दोनदा बिघडलं. पदर सारखे खाली मुठीपाशीच तुटायचे. मी चिडून पाट फेकायला निघालो होतो. शिला म्हणाली, "सर, तुमी घाई करून राहिले. हळू." तिनं पदर वरच्या बाजूला बारीक वळले, आणि मग तुटले ते बराबर वरच.

मला एकाच गोष्टीचा धसका आहे. परीक्षक विचारतील, दोन्हीतलं बरोबर कोणतं? तिला सांगितलंय, पहिला म्हण. प्रदर्शनात माहीत नाही म्हटलं की गुण गेले. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर. हिंगोली

अक्षर कसंही येऊ दे, आजच लिहिणार!

दीडशे मॉडेलं. धरणं, पवनचक्क्या, कागदाचे ज्वालामुखी. आमचा पाट कोपऱ्यात, अंबाडीचा वाख बघून शेजारचे विचारत होते, दावी विकायला आणली का? भीमसिंग आला होता, पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं. आबा साखऱ्याहून आले. अंजली अनुसयाबाईला घेऊन आली. या दोघी एकमेकींशी अशा बोलत होत्या जशा काय जुन्या मैत्रिणी. कधी ओळख झाली देव जाणे.

तीन परीक्षक. मधले पांढऱ्या मिशांचे, कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक, कपाळावर आठ्या. शिलानं मुठी फिरवल्या. पदर गुंतले, तटतट तुटले. प्राध्यापकांनी तार तोडली, बोट लावलं आणि हात झटकला. चटका बसला! आठ्या कमी झाल्या. पण लगेच म्हणाले, "पोरी, चुलीपासून लांब गेलं की ऊब कमी होते. मग हे उलटं कसं?"

माझा प्रश्न! चूलसुद्धा तीच! खाली बघायला लागलो.

शिला म्हणाली, "चुलीपासून लांब ऊब कमीच होती, सर. पन कोनी लांब उभं राहून हात घासले तर त्याचे हात गरम व्हतील की. चुलीनं न्हाई, घासल्यानं."

मागं कोणीतरी वा म्हणालं. बहुतेक मीच.

"आणि हा पीळ, हेच खरं कारण? नक्की?"

झालं. आला तो प्रश्न. मी डोळ्यांनी खुणा करतोय, पहिला म्हण, पहिला! तिनं माझ्याकडं बघितलं. मग वाकून पाटाखालून भीमसिंगचा आसूड काढला. मला त्याचा पत्तासुद्धा नव्हता! म्हणाली, "थोडं मागं सरका." परीक्षक मागं सरकले. तिनं मूठ नुसती हलवली, जोर न लावता. लाट आसुडावरून धावली आणि टोकाला असा काय आवाज फुटला की सगळं सभागृह दचकून गप्प झालं. धरणवाल्याचं धरण सांडलं.

त्या शांततेत ती बोलली. "हा दुसरा अंदाज. माझी मूठ हळू हलली, पन बारीक टोकाला जाऊन लाट अशी फुटली. सूर्यावर पीळ तुटतोय का लाट फुटती, का दोन्ही, ते मला माहीत न्हाई. अजून कोनालाच माहीत न्हाई. मोठी झाल्यावर शोधीन."

गेले गुण, म्हटलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. म्हणाले, "तीस वर्षं मी परीक्षा घेतो. माहीत नाही म्हणणारी तू पहिली." आणि त्यांनी चौदा वर्षांच्या पोरीला हात जोडले.

पहिला नंबर! नव्या जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनातला पहिला नंबर! भोंग्यावर नाव आलं, शिला भीमसिंग आडे, आणि भीमसिंग उठून उभा राहिला, जसं त्यालाच बोलावलं. आबा शिट्टी वाजवायला लागले, मेंढरं हाकतात तशी. मला मार्गदर्शक शिक्षक म्हणून वर बोलावलं. माईक हातात आला. समोर हजारभर माणूस.

"मार्गदर्शन मी केलं नाही," मी म्हटलं. "जुलैत या पोरीनं मला हे विचारलं आणि मी तिच्यावर वर्गाला हसवलं. पेपरात तिला भोळी लिहिलं. भोळा मी होतो. आज ती इथं आहे ती माझ्यामुळं नाही, मी असूनसुद्धा आहे."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मी माईक देऊन टाकला. खाली उतरताना भीमसिंगनं माझा हात धरला आणि सोडला नाही. रडलो मी, लिहायला लाज कसली? अंजली पण रडली, अनुसयाबाईच्या खांद्यावर.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर. जवळा बाजार

पेपरला दुसरं पत्र लिहिलं होतं, ते आज छापून आलं. चार ओळींचं. "माझ्या ६ ऑगस्टच्या पत्रातील विधान चुकीचे होते. वीस लाखातील सर्व शून्ये बरोबर आहेत. हे मला नववीची शिला भीमसिंग आडे हिने २६ जुलैलाच सांगितले होते." पदव्या लिहिल्या नाहीत, जागा वाचली.

आज तांड्याचा ट्रक कारखान्याकडं निघायचा होता. पेपर घेऊन गेलो. गाठोडी, भांडी, कोयते, कोंबड्या, सगळं चढत होतं. शिला खालीच उभी होती, अनुसयाबाईजवळ. ती इथंच राहणार.

भीमसिंगनं पेपर उलटासुलटा बघितला. त्याला वाचता येत नाही. "सर, नाव कुठं हाय?"

दाखवलं. त्यानं त्यावर अंगठ्याचं नख दाबलं, खूण केली. "कुठून सुरू व्हतं? इथून? अन् माझं नाव ह्याच्यात कुठं?"

"हे मधलं. भीमसिंग."

त्यानं तिथं दुसरी खूण केली. पुन्हा विचारलं, पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं मलाच बोट ठेवून दाखवलं, बराबर त्याच जागी. मग पेपराची घडी घालून पागोट्याच्या पदरात खोवली. "तिथं फडावर दाखवतो सगळ्यांना," म्हणाला आणि ट्रकवर चढला.

ट्रक ओढा ओलांडून दिसेनासा होईस्तोवर शिला हात हलवत होती. मग डोळे पुसले आणि माझ्याकडं वळली.

"सर, दिवाळीची सुट्टी कवा संपती?"

"सोमवार सोडून पुढच्या सोमवारी."

"लई दिवस हायेत," ती म्हणाली. "पुण्याला पत्र लिवायचंय. तुमी पत्ता द्या, मी लिवते."

घरी येऊन पुण्याचं पाकीट शोधलं. कपाटात नव्हतं. अंजली म्हणाली, शिलाला वाचायला नेलं होतं, तेव्हापासून ते तुपाच्या बरणीखाली आहे.